मैफलीची फाइल भलत्याच पट्टीत वाजते? आधी घड्याळ बघा, मग पेटी

मराठवाड्यातल्या कीर्तनांचा, भारुडांचा, गोंधळाचा, उरुसातल्या कव्वालीचा आणि शास्त्रीय बैठकांचा मोठा ठेवा अजून घरोघरच्या कॅसेटवर, शूटिंगवाल्यांच्या मिनीडीव्ही टेपवर आणि कुणाच्या तरी जुन्या हार्डडिस्कमध्ये पडून आहे. तो संगणकावर उतरवून घ्यायचं काम आता बरेच जण मनापासून करतायत. त्यांची एक तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते. टेपवर बुवा नीट गातात, फाइलमध्ये मात्र आवाज जड आणि लय रेंगाळलेली. किंवा उलट, आवाज बारीक झालेला आणि पखवाज घाईत. त्यावर सल्ला मिळतो, "पिच थोडं वर-खाली करून टाका."

तसं करू नका. पिच बदलणारा इफेक्ट वेळ तशीच ठेवून सूर सरकवतो. त्यासाठी तो आवाजाचे बारीक तुकडे करून पुन्हा जोडतो आणि त्यात तबल्याचा, संबळाचा आघात पसरट होतो. शिवाय लय चुकलेली ती चुकलेलीच राहते. बहुतेक वेळा मूळ आवाजाला काहीच झालेलं नसतं, फक्त फाइलवरचा एक आकडा चुकलेला असतो. तो दुरुस्त केला की मूळ आवाजाचा एक कणही न बदलता सगळं जागेवर येतं.

आकडा कुठला आणि तो चुकतो कसा

ध्वनी संगणकावर घेताना सेकंदाला हजारो नमुने मोजले जातात. सीडीसाठी ४४,१०० आणि व्हिडिओ, डीव्हीडीसाठी ४८,०००. फाइलच्या सुरुवातीला हेडर असतं आणि त्यात हा आकडा, म्हणजे सॅम्पल रेट, लिहिलेला असतो. वाजवणारा प्रोग्राम तो वाचतो आणि त्या वेगानं नमुने बाहेर सोडतो. सोयाबीनच्या पोत्यावर चुकीच्या वजनाची चिठ्ठी लागली म्हणून आतला माल कमी-जास्त होत नाही. इथेही चिठ्ठी चुकते, माल तोच असतो.

४८,०००ची फाइल ४४,१०० समजून वाजवली, तर तासाभराचं कीर्तन ६५ मिनिटं १८ सेकंदांचं होतं आणि सूर पेटीच्या (काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरून) जवळपास दीड पट्टीनं खाली जातो. उलट झालं तर तासाची ५५ मिनिटं ८ सेकंद होतात आणि सूर तेवढाच वर चढतो. काळी एकमध्ये गायलेलं पहिल्या चुकीत सफेद सात आणि सफेद एकच्या मधे कुठेतरी पडतं, दुसऱ्या चुकीत सफेद दोन आणि काळी दोनच्या मधे.

ही चूक आपल्या संगीतात वर्षानुवर्षं लपून राहू शकते. आपल्याकडे ‘सा’ कुणाचा कुठेही असतो. दीड पट्टी खाली गेलेला गवई ऐकणाऱ्याला चुकीचा वाटत नाही, गंभीर वाटतो. विलंबित आणखी विलंबित झालं तर लोक त्याला ठहराव म्हणतात. मग एखादा विद्यार्थी तीच फाइल समोर ठेवून रियाज करतो आणि त्या गवयानं कधीही न घेतलेली लय, कधीही न लावलेली पट्टी त्याची म्हणून शिकतो. म्हणून नुसत्या कानावर भरवसा ठेवू नका, मोजा.

पहिली पायरी: बिघाड फाइलमध्ये की वाजवणाऱ्या यंत्रात

तीच फाइल मोबाइलवर आणि दुसऱ्या संगणकावर वाजवून बघा. एकाच ठिकाणी सूर चुकत असेल तर फाइलला हात लावू नका, तिथल्या साउंड कार्डाची सेटिंग तपासा. सगळीकडे सारखीच चुकत असेल तर पुढे जा.

आता वेळ आणि सूर दोन्ही एकत्र तपासायचे. सगळं निदान या जोडीवर उभं आहे.

वेळ आणि सूर दोन्ही बिघडलेत, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखेच बिघडलेत: चिठ्ठी चुकली आहे, दुरुस्त होते. सूर बरोबर, पण वेळ कमी भरतेय आणि मधे मधे टिकटिक किंवा झटके आहेत: नमुने गळालेत, चिठ्ठीचा दोष नाही. सूर हळूहळू चढत किंवा उतरत जातोय: दोष टेपचा किंवा ती मूळ रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राचा, सॅम्पल रेटचा नाही.

शेवटचा प्रकार आपल्याकडे फार सापडतो. सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर मंडपात ठेवून कीर्तन भरलेलं असतं. सेल उतरत गेले की रेकॉर्ड होताना टेप हळू सरकते. ती नीट वेगानं वाजवली की उत्तरार्धात बुवांचा सूर चढत जातो. याला एकच आकडा बदलून उपाय नाही, तुकड्या-तुकड्यानं वेग सुधारावा लागतो. तो विषय वेगळा.

घड्याळाची तपासणी सोपी आहे. सी-९० कॅसेटची एक बाजू साधारण ४५ मिनिटांची. थोडी टेप कंपनी जास्तच देते. तीच बाजू फाइलमध्ये ४९ मिनिटं भरली तर संशय घ्या, ४१ मिनिटं २० सेकंद भरली तर उलटा संशय घ्या. डेकचा वेगही एक-दोन टक्के इकडेतिकडे असतो, पण ४४,१०० आणि ४८,०००मधला फरक पावणेनऊ टक्क्यांचा आहे. तो लपत नाही.

पेटीची खूण

घड्याळानं संशय दाखवला की पेटीकडे वळा. तंबोरा इथे उपयोगाचा नाही, तो गवयाच्या गळ्याला लावलेला असतो. पेटीचे सूर मात्र कारखान्यात ठरलेले. पेटीवाल्यानं सूर धरून ठेवलेली एखादी जागा शोधा, भजनाच्या सुरुवातीला किंवा दोन कडव्यांच्या मधे ती सापडतेच, आणि मोबाइलमधल्या ट्यूनर ॲपला ऐकवा. ४४,१०० आणि ४८,०००चा घोळ असेल तर पेटी जवळजवळ बरोबर दोन पट्ट्यांच्या मधे पडते. ट्यूनर सुमारे ४७ सेंट (सेंट म्हणजे एका पट्टीचा शंभरावा भाग) खाली किंवा वर दाखवतो. जुन्या पेट्या दहा-पंधरा सेंटनं उतरलेल्या असू शकतात, पण अर्धी पट्टी उतरलेली पेटी घेऊन कुणी कार्यक्रमाला बसत नाही. काटा ५०च्या काठावर असला की वर आणि खाली अशी गल्लत होते. म्हणून दिशा घड्याळावरून ठरवा आणि खात्री पेटीवरून करा.

एक अपवाद. ३२,०००ची फाइल ४८,००० समजून वाजली तर सूर जवळजवळ अचूक पंचमानं वर जातो. तेव्हा ट्यूनर पेटी अगदी बरोबर दाखवेल. पण दीडपट वेगानं धावणारं कीर्तन ओळखायला ट्यूनर लागत नाही.

गोंधळात पेटी नसेल, फक्त संबळ आणि तुणतुणं असेल, तर विजेची गुणगुण कामाला येते. जुन्या बहुतेक ध्वनिमुद्रणांत साउंडवाल्याच्या मशिनची ५० हर्ट्झची हमिंग आणि तिचे १००, १५० हर्ट्झचे पट असतात. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीचा शांत भाग निवडा, ऑडॅसिटी या ध्वनी संपादनाच्या प्रोग्राममध्ये ॲनालाइझ मेनूतून प्लॉट स्पेक्ट्रम (कुठल्या हर्ट्झवर किती आवाज आहे ते दाखवणारा आलेख) उघडा आणि साइज ६५,५३६ ठेवा. शिखर ४५.९ आणि ९१.९वर दिसलं तर ४८,०००ची फाइल ४४,१०० म्हणून वाजतेय. ५४.४ आणि १०८.८वर दिसलं तर उलट.

यात एक खाच आहे. हमिंग दोन ठिकाणांहून येते. एक टेपवरच भरलेली, दुसरी आज तुमच्या डेकपासून संगणकापर्यंतच्या वायरीत शिरलेली. टेपवरची हमिंग टेपचा वेगही दाखवते, वायरीतली फक्त आजच्या डिजिटल नोंदीचा. म्हणून कॅसेट उतरवताना रेकॉर्डिंग आधी सुरू करा, दहा सेकंद टेप न चालवता जाऊ द्या, मग प्ले दाबा. त्या दहा सेकंदांतली हमिंग ५०वर असेल तर तुमचा सॅम्पल रेट बरोबर आहे, बाकीची तक्रार टेपची. ही सवय लावून घ्याच, हे दहा सेकंद पुढे फार उपयोगी पडतात. जनरेटरवर झालेल्या कार्यक्रमाची हमिंग मात्र भारानुसार हलते. सॅम्पल रेटची चूक कधीच हलत नाही.

लाइट गेली आणि फाइल उघडेना

चुकीची चिठ्ठी लागायची सर्वांत मोठी जागा हीच. वेव्ह फाइलची लांबी हेडरमध्ये पक्की होते ती रेकॉर्डिंग थांबवल्यावर. रेकॉर्ड चालू असताना लाइट गेली, लॅपटॉप बंद पडला की फाइलचा आकार दिसतो ८००-९०० एमबी, पण उघडली तर शून्य सेकंद. मग कुणीतरी ती रॉ डेटा म्हणून, म्हणजे हेडर न वाचता, इम्पोर्ट करतो, समोर रकाने येतात आणि तिथे अंदाजानं ४४,१०० भरलं जातं.

हे रकाने नीट भरा. मोनो फाइल स्टिरिओ समजून घेतली तर ती निम्म्या वेळात संपते आणि सूर एक सप्तक वर जातो. स्टिरिओला मोनो म्हटलं तर दुप्पट वेळ, एक सप्तक खाली. २४ बिटची फाइल १६ बिट म्हणून उघडली तर नुसती खरखर येते. बिट बरोबर असूनही खरखर येत असेल तर सुरुवातीचा ऑफसेट, म्हणजे किती बाइट सोडून वाचायला लागायचं तो आकडा, एकेका बाइटनं पुढे-मागे करून बघा. साध्या वेव्ह फाइलचं हेडर ४४ बाइटचं असतं, पण रेकॉर्डर त्यात स्वतःची माहिती घालतात तेव्हा ते लांबतं. या चुका लगेच ऐकू येतात. सॅम्पल रेटची चूक तितकी सहज ऐकू येत नाही, म्हणून तीच मागे राहते.

तो आकडा अंदाजानं न भरता हिशेबानं काढा. १६ बिट स्टिरिओमध्ये ४४,१००ला सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात आणि ४८,०००ला १,९२,०००. २४ बिट स्टिरिओ ४८,०००ला २,८८,०००. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये बाइटचा पूर्ण आकडा मिळतो. त्याला या आकड्यांनी भागा आणि कार्यक्रमाच्या माहीत असलेल्या वेळेशी जुळतं का ते बघा. त्याच दिवसाचा मोबाइलवर घेतलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ कुणाकडे असेल तर एकाच अभंगाचं एक कडवं दोन्हीकडे मोजा. सगळ्यांत पक्का पुरावा तो.

याच जागी रात्रभराच्या जागराचाही प्रश्न येतो. साध्या वेव्ह फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे. २४ बिट, ४८,००० स्टिरिओमध्ये ती चार तास आठ मिनिटांत संपते. काही रेकॉर्डर २ जीबीवरच नवी फाइल सुरू करतात. तुकडे जोडायच्या आधी प्रत्येक तुकड्याचा रेट मीडियाइन्फो या फाइलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये बघून घ्या, विशेषतः मधे कुणी बॅटरी किंवा कार्ड बदललं असेल तर. काही यंत्रं बॅटरी काढल्यावर मूळ सेटिंगवर परत जातात.

दुरुस्ती

मूळ फाइलची प्रत काढा आणि मूळ फाइल वेगळ्या ठिकाणी ठेवून द्या. प्रत ऑडॅसिटीत उघडा. ट्रॅकच्या नावावर क्लिक केल्यावर येणाऱ्या यादीत ‘रेट’ आहे. तिथे खरा आकडा निवडा. ट्रॅकची लांबी लगेच बदलते. घड्याळ जुळलं, पेटी पट्टीवर आली, की प्रोजेक्टचा रेटही तोच करा आणि एक्सपोर्ट करा.

ट्रॅक्स मेनूत ‘रीसॅम्पल’ नावाचा पर्याय आहे. नाव ओळखीचं वाटतं म्हणून बरेच जण तिकडे जातात. रीसॅम्पल नवे नमुने मोजून काढतो, सूर आणि वेळ आहे तशीच ठेवतो. म्हणजे आधीच चुकलेल्या फाइलवर तो चालवला की चूक पक्की होते. रीसॅम्पल नंतर, सूर जाग्यावर आल्यावर, आणि तोही गरज असेल तरच. सीडी करायची आहे, म्हणून ४८,०००चं ४४,१०० करायचं, एवढंच त्याचं काम.

कुणीतरी आधीच चुकीचं रूपांतर करून एमपीथ्री वाटली असेल आणि मूळ सापडत नसेल, तरी इलाज आहे. ४४,१००च्या फाइलमधला आवाज संथ असेल तर रेट ४८,००० करा. जलद असेल तर ‘अदर’मध्ये ४०,५१७ टाका. ४८,०००च्या फाइलमध्ये आवाज जलद असेल तर ४४,१००, संथ असेल तर ५२,२४५. मग रीसॅम्पल करून नेहमीच्या रेटवर आणा. वेळ आणि सूर परत येतात. एमपीथ्रीत गेलेला बारकावा परत येत नाही.

मिनीडीव्हीच्या टेपा

पैठणच्या नाथषष्ठीला किंवा गावातल्या सप्ताहात शूटिंगवाल्यानं घेतलेल्या मिनीडीव्ही टेपांची गोष्ट वेगळी. या कॅमेऱ्यांत ध्वनीच्या दोन सेटिंग असत, १६ बिट ४८,००० आणि १२ बिट ३२,०००. बरेच कॅमेरे दुसऱ्यावरच ठेवलेले असत. एकाच टेपवर अर्धं कीर्तन ३२,०००ला आणि दुसऱ्या दिवशीचं काल्याचं ४८,०००ला असंही सापडतं. उतरवून घेणारा प्रोग्राम सुरुवातीचा रेट धरून बसतो आणि पुढच्या भागात ओठ आणि आवाज यांची फारकत होते. अशी टेप एका दमात उतरवू नका. जिथे चित्रीकरण थांबून पुन्हा सुरू झालंय तिथे थांबवा, नवी फाइल करा.

३२,०००चं ध्वनिमुद्रण ओळखायला टाळ मदत करतात. टाळांचा नाद १० हजार हर्ट्झच्या बराच वर जातो. स्पेक्ट्रोग्राममध्ये (वेळेनुसार कुठल्या हर्ट्झवर आवाज आहे ते दाखवणाऱ्या चित्रात) तो १६ हजारावर सरळ रेषेत कापलेला दिसला तर मूळ ३२,००० असण्याची शक्यता मोठी (कमी दर्जाची एमपीथ्रीही असंच कापते). ४ हजाराच्या खालीच सगळं संपत असेल तर ते जुन्या मोबाइलच्या रेकॉर्डरचं काम. अशी फाइल ९६,०००ला नेली तरी वरचे नाद उगवत नाहीत, फक्त फाइल फुगते.

नमुने गळालेत तर

सूर ठीक, वेळ थोडी कमी आणि टिकटिक, असं असेल तर फाइलमध्ये उपाय शोधू नका, टेप पुन्हा उतरवा. यूएसबी हब काढून इंटरफेस (डेकचा ध्वनी संगणकात घेणारं यंत्र) थेट लॅपटॉपला लावा, वीज वाचवणारी सेटिंग आणि अपडेट बंद करा, डिस्कवर जागा आहे का बघा. ऑडॅसिटीच्या रेकॉर्डिंग पसंतींमध्ये गळती शोधायची सोय आहे, ती चालू ठेवा, ती प्रत्येक जागी खूण करते. डॅटसारख्या (डिजिटल ऑडिओ टेप) डिजिटल यंत्रातून डिजिटल वायरीनं घेत असाल तर इंटरफेसचं क्लॉक ‘एक्स्टर्नल’वर हवं. दोन्ही यंत्रं आपापल्या घड्याळावर चालली की ठरावीक अंतरानं टिक येत राहते.

विंडोजमध्ये रेट तीन जागी असतो: साउंडच्या रेकॉर्डिंग प्रॉपर्टीजमधला ॲडव्हान्स्ड टॅब, इंटरफेसचं स्वतःचं पॅनेल आणि ऑडॅसिटीचा प्रोजेक्ट रेट. तिन्हीकडे एकच आकडा ठेवा. नाहीतर विंडोज मधल्या मधे गुपचूप रूपांतर करत राहतं. कुठला आकडा, याबद्दल माझं मत पक्कं आहे: कॅसेटसाठी २४ बिट, ४८,०००च्या खाली जाऊ नये. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, आयएएसएची, शिफारसही किमान एवढीच आहे. जागा असेल तर ९६,०००. दुर्मीळ बैठक असेल तर नक्कीच.

दोन यंत्रांचं जुळत नाही

मिक्सरवरून घेतलेला ध्वनी आणि कॅमेऱ्याचं चित्र सुरुवातीला जुळतं आणि तीन तासांनी टाळी आधी, आवाज नंतर, असं होतं. दोन्हीकडे ४८,०००च लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं. प्रत्येक यंत्रातलं क्वार्ट्झचं घड्याळ किंचित वेगळं चालतं. दहा लाखांत ५०चा फरक म्हटलं तरी तीन तासांत अर्ध्या सेकंदाहून जास्त होतो. सुरुवातीची आणि शेवटची एकेक टाळी दोन्हीकडे शोधून टक्केवारी काढता येते आणि वेग तेवढा बदलता येतो. पण मला दुसरी वाट बरी वाटते: दोन अभंगांच्या मधल्या निवेदनात ध्वनी कापायचा आणि प्रत्येक तुकडा चित्राशी पुन्हा जुळवायचा. गाण्याला हात लागत नाही.

एवढं करूनही उलगडा झाला नाही आणि फाइल एखाद्या जाणकाराकडे पाठवायची वेळ आली, तर व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवू नका, तिथे ती पुन्हा कॉम्प्रेस होऊन दर्जा घटू शकतो. डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हवरून मूळ वेव्हचा एक मिनिट पाठवा, त्यात पेटी वाजत असलेली जागा असू द्या. सोबत मीडियाइन्फोचा मजकूर, फाइलचा बाइटमधला आकार, कॅसेट सी-६० की सी-९०, ध्वनी कुठल्या यंत्रावर भरला होता आणि कार्यक्रम वीज, जनरेटर की सेलवर झाला, एवढं लिहा.